मेणात न दाखवलेली कवळी

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी का उभे? पाय मोकळे सोडा, भिंतीला पाठ टेका, आणि मन जरा निवांत करा. आज एक गोष्ट सांगतो. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही, हरवलेलं राज्य नाही. एक कारागीर आहे, त्याची बायको आहे आणि एक दात आहे. एवढासा दात! पण ज्या देवानं हत्ती घडवला त्यानंच तीळही घडवला, आणि तीळ घडवताना हात आखडता घेतला नाही. तेव्हा आपणही एका दाताला कमी लेखू नये.

तर हा कारागीर कवळ्या करायचा. लोक त्यांना कवळीकाका म्हणत आणि त्यांच्या बायकोला नुसतं काकू. दोन जिने चढून गेलं की काकांची खोली. खिडकी उत्तरेकडे, कारण उत्तरेचा उजेड दाताच्या रंगाबद्दल खोटं बोलत नाही. टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेण कापायची लोखंडी पट्टी, गुलाबी मेणाचे तक्ते, आणि फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. प्रत्येक जबड्याखाली पेन्सिलीनं लिहिलेला आकडा. खालच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना. त्या दात काढत, काका दात बसवत. "तुम्ही गाव उजाड करा, मी पुन्हा वसवतो," असं काका म्हणायचे, आणि डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "काका, पण भाडेकरू जरा नीट ओळीत बसवा हं."

काकांना माणसं फारशी भेटतच नसत. माणसांचे जबडे भेटत. रागीट माणसाचे दात घासून सपाट झालेले, चिंता करणाऱ्याच्या एकाच बाजूच्या दाढा झिजलेल्या. काका म्हणत, "तोंडानं माणूस काय वाटेल ते बोलतो, जबडा मात्र खरं तेच सांगतो." कधी रस्त्यानं जाताना समोरून एखादे गृहस्थ मोठ्यानं हसत यायचे, आणि काका थबकून बघत राहायचे. गृहस्थांना वाटायचं, हा म्हातारा आपल्याकडे का बघतोय? काकांना माहीत असायचं, हे हसू चैत्रात नाही का, आपल्या टेबलावर होतं.

आता त्यांच्या कामातली एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो, कारण सगळी कथा तिच्यावर उभी आहे. कवळी एकदम पक्की करत नाहीत. आधी दात मेणात बसवायचे. ती मेणातली कवळी खाली दवाखान्यात जायची, माणसाच्या तोंडात घालायची, हातात आरसा द्यायचा आणि म्हणायचं, बघा, बोला, हसा. मेण गरम पट्टीनं हलतं. कुणी म्हटलं हा दात बाहेर वाटतो, तर एका मिनिटात आत घेता येतो. माणसानं हो म्हटलं की मगच मेण काढून तिथे पक्का मसाला भरायचा, डबीत दाबायचा, पाण्यात उकळायचा. एकदा उकळलं की झालं. मग तो दात ब्रह्मदेवालाही हलत नाही. काकांच्या गुरूंनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मेणात दाखवल्याशिवाय उकळायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी." चाळीस वर्षांत काकांनी हा नियम मोडला नव्हता. घाई करणाऱ्या डॉक्टरांना ते वरून झाडायचे, "तोंड त्याचं आहे, तुमचं नाही!"

आणि आरसा हातात दिला की माणसं काय मागायची म्हणून सांगू! चौऱ्याहत्तरीचे आजोबा विशीतले दात मागायचे. एक निवृत्त मास्तर म्हणाले, दातांत थोडा दरारा ठेवा. एका सासूबाईंनी सांगितलं, "सुळे जरा टोकदार करा, सुनेला कळायला हवं की मी अजून चावू शकते." सगळ्यांना पांढरे हवेत, सगळ्यांना सरळ हवेत. स्वतःचे होते तसेच करून द्या, असं म्हणणारा माणूस काकांना जन्मात भेटला नाही. देवानं एकेका तोंडाला वेगळी घडण दिली, आणि आपण सगळे मिळून एकच हसू मागतो. हसू नका, तुम्ही आणि मीही त्याच रांगेत उभे आहोत.

आता काकूंकडे वळू.

काकूंच्या वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा दात शेजाऱ्याच्या अंगावर थोडा चढलेला होता. गर्दीत मागच्या माणसानं पुढच्याच्या खांद्यावरून डोकावून बघावं, तसा. लहानपणी घरी कुणी यायचं असलं की त्यांची मावशी म्हणायची, "तेवढं हसू नकोस गं, पाहुणे येतायत." काकू शहाण्या मुलीसारखं ऐकत गेल्या. हसू आलं की त्यांचा उजवा हात आपोआप तोंडावर जायचा. सगळ्या फोटोंत ओठ मिटलेले. शाळेतल्या, मैत्रिणींतल्या, लग्नातल्याही.

काकांनी तो दात लग्नाआधी पाहिला होता. काकू तेव्हा गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन जिना उतरत होत्या, दोन्ही हात ढिगानं भरलेले. खाली रस्त्यावर वाऱ्यानं काकांची छत्री उलटी केली, आणि सव्वीस वर्षांचे काका त्या छत्रीशी असे झोंबत होते की जणू ती त्यांना उडवून नेणार. काकूंना हसू फुटलं. तोंड झाकायला हात मोकळा नव्हता. चार-पाच सेकंद. तेवढ्यात काकांचं काम झालं. दिवसभर सरळ दात लावणाऱ्या त्या तरुणाचा जीव त्या एका तिरप्या दातावर असा काही बसला की पुन्हा उठलाच नाही.

पण हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही. का? तर लग्नाच्या पहिल्याच महिन्यात काकू हसल्या, काका टक लावून बघत राहिले, आणि काकूंचा हात झटकन वर गेला. चेहरा असा पडला की काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मनाशी ठरवलं, हिला दाताचं दुःख आहे, तिकडे आपण बघायचं नाही, त्याचा विषय काढायचा नाही. त्या दिवसापासून काकू हसायला लागल्या की काका खिडकीबाहेर बघायचे. आणि काकूंना ते दिसायचं. त्यांना वाटायचं, बरोबरच आहे. दिवसभर मोत्यांची ओळ लावणारा माणूस, त्यानं घरी येऊन हे ध्यान का बघावं?

देवानं माणसाला दात बत्तीस दिले आणि जीभ एकच. तरी जन्माचा घोटाळा होतो तो दातांनी नाही, त्या एकट्या जिभेनं. बोलून होतो हे सगळे सांगतात. न बोलून किती होतो ते कुणी मोजत नाही.

संसार मात्र गोड झाला. मूलबाळ नव्हतं, दोघांचंच घर. काकू शिवणकाम करायच्या, काका कामावरून आले की दोघं बाल्कनीत बसून खालच्या रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवायची. अडतीस वर्षं अशी गेली. मग काकूंच्या हिरड्या बिघडल्या, दात एकेक करून हलायला लागले. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, आता जपण्यासारखं काही राहिलं नाही. सगळे काढून टाकू."

"काढण्याआधी एक साचा घेऊन ठेवू," काका घाईनं म्हणाले.

"कशाला हो?" काकू म्हणाल्या. "जुनं काय जपून ठेवायचंय?"

काकांना वाटलं, बिचारीला दुःख होतंय, उगाच ताणू नये. माणूस आपल्या माणसाला किती ओळखतो पाहा! काकू त्या क्षणी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होत्या. साठी ओलांडल्यावर का होईना, एकदाची सुटका. आणि नवे दात कोण करणार, तर घरचाच माणूस, साऱ्या शहरात ज्याच्या हाताला तोड नाही. त्याला काय सांगायचं? त्याला कळणार नाही का?

त्यालाही तसंच वाटत होतं. हिला काय विचारायचं? मला माहीत नाही का?

हिरड्या भरायला दोन-अडीच महिने गेले. मग काकांनी काम हातात घेतलं. वीस दिवस लागले. इतर कवळीला चार लागतात. साचा नव्हता, दात दिसणारा एकही फोटो नव्हता, होती ती फक्त आठवण. आणि आठवण कसली, तर खिडकीकडे मान वळवण्याआधी मिळालेल्या अर्ध्या अर्ध्या क्षणांची. त्यांनी दात रंगवले, घासले, मेणात रोवले, काढले, पुन्हा रोवले. डावा दात शेजाऱ्यावर चढवला. जरा जास्त झाला, उतरवला. पुन्हा चढवला. एका दुपारी उत्तरेच्या उजेडात मेणातून ते हसू त्यांच्याकडे बघायला लागलं, तेव्हा चाळीस वर्षांचा तो कसबी माणूस डोळे पुसायला हात धुवायचंही विसरला. सगळा चेहरा प्लास्टरनं पांढरा.

डॉक्टरीणबाई काही कामानं वर आल्या. त्यांनी ती मेणातली कवळी उचलली.

"काका, हा दात चुकलाय."

"चुकला नाही. बसवलाय."

"अहो, पण तिरपा आहे!"

"असाच होता."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "काकूंना दाखवलीत?"

"तिला एकदम देणार. पक्की करून."

"मेणात नाही दाखवणार? तुम्ही? परवा मला याच कारणावरून किती बोललात, आठवतं का?"

"ते परक्यांसाठी," काका हसून म्हणाले. "अडतीस वर्षं झाली बाई. तिच्या तोंडाचं मला विचारायला लागलं, तर मग मी नवरा कसला?"

डॉक्टरीणबाईंनी कवळी जपून टेबलावर ठेवली. मोठ्या माणसाच्या आनंदात कोण मोडता घालतं? काकांनी डबी बंद केली, पेच आवळला आणि पाणी उकळायला ठेवलं.

सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ. काकांनी कापसात गुंडाळलेली पेटी काकूंच्या पुढ्यात ठेवली. काकू लाजल्यासुद्धा, हो, त्या वयात! पाठ फिरवून त्यांनी कवळी बसवली आणि आरसा घेऊन खिडकीशी गेल्या.

त्या वळल्याच नाहीत.

"हे मुद्दाम केलंत?" त्यांनी आरशातच विचारलं.

"मुद्दाम!" काका आनंदानं म्हणाले.

काकूंनी आरसा पालथा ठेवला. "साठ वर्षं झाकला. देवानं नेला. तुम्ही परत आणून बसवलात." आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "थट्टा करायला दुसरं काही मिळालं नाही का हो तुम्हाला?"

आता इथे, मंडळी, एकच वाक्य बोलायचं होतं. तुम्हाला ते ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक असेल. तो दात मला आवडतो. झालं. पण काका घाबरले, आणि माणूस घाबरला की जिथे आपलं चालतं तिथे पळतो, तसे ते आपल्या धंद्यात पळाले.

"मापाला... बरोबर आहेत ना?" ते म्हणाले. "कुठे टोचत नाहीत ना?"

"टोचतायत," काकू म्हणाल्या. त्यांनी कवळी काढून वाटीतल्या पाण्यात ठेवली आणि आत जाऊन शिवणयंत्र सुरू केलं.

आठ दिवसांनी काकांनी दुसरी कवळी मेणात बसवली. या वेळी रीतीप्रमाणे. काकू इतर बायकांसारख्याच दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या, डॉक्टरीणबाईंनी आरसा दिला, आणि काका गरम पट्टी घेऊन बाजूला उभे राहिले.

"हा जरा अजून आत घ्या," काकू डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. नवऱ्याला नाही.

काकांनी पट्टी टेकवली, मेण मऊ झालं, दात आत गेला. मोजून एक मिनिट.

"आणि एक छटा पांढरा चालेल का?"

"चालेल की काकू, हवा तेवढा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकांनी मान हलवली.

आणि मग काय सांगू! काकूंना नवं तोंड मिळालं. भाचीच्या लग्नात त्या हात खाली सोडून हसल्या. फोटोवाल्यानं "हसा" म्हणायच्या आधीच हसल्या. सगळ्या नातेवाइकांत एकच बोलणं, "ताई दहा वर्षांनी लहान दिसते गं!" त्यांच्या धाकट्या बहिणीनं गालावर हात ठेवून पाहिलं आणि काकांना म्हणाली, "भावजी, जादू केलीत."

घरात हसणं वाढलं. भाजी निवडताना हसू, टेलिफोनवर हसू, शेजारणीशी जिन्यात हसू. काका आता खिडकीबाहेर बघत नसत. बघायची गरजच उरली नव्हती. ते सरळ काकूंकडे बघायचे, आणि दरवेळी त्यांना वाटायचं, कुणीतरी पाहुणी आली आहे. चांगली आहे, हसरी आहे, पण आपल्या घरातली कुठे गेली? जन्मभर त्यांनी मनात एकच मागणं मागितलं होतं, हिचा तो हात एकदा खाली येऊ दे. हात खाली आला. देव मागितलेलं देतो हो. आपण अर्धंच मागतो, त्याला तो काय करणार?

आणि काकूंनी त्या पहिल्या कवळीचा विनोद करून टाकला. चार बायका जमल्या की त्या सांगायच्या, "अगं, यांनी मला माझाच वेडा दात पुन्हा करून दिला होता! म्हटलं, एवढं प्रेम बरं नव्हे!" बायका हसून लोटपोट. काकाही हसायचे. न हसून कसं चालेल? पण काकूंच्या त्या हसण्याच्या तळाशी एक बारीक खडा होता, आणि तो फक्त काकांच्या दाताखाली यायचा. माझ्या नवऱ्यानं मला हिणवलं, मी माफ केलं. एवढाच त्या विनोदाचा अर्थ होता.

काकांना तो खडा काढायचा होता. देवाशपथ काढायचा होता. ते बाल्कनीत बसायचे, घसा खाकरायचे.

"अगं."

"काय हो?"

"काही नाही. खालचा दिवा बंद केलास का?"

"दिवसाढवळ्या कोण लावतं दिवा?"

कधी म्हणायचे, "ऐक ना." काकू वळून बघायच्या, ती पांढरी शुभ्र ओळ चमकायची, आणि काकांचे शब्द परत फिरायचे. कारण अडचण अशी होती की जुना दात आवडायचा म्हणावं, तर नवे आवडत नाहीत असा अर्थ निघतो. न म्हणावं, तर जन्माचा गैरसमज तसाच राहतो. आजचं सुख मोडू की कालचं दुःख काढू? या तागडीत त्यांनी तीन वर्षं घालवली. आपण शहाणी माणसं अशीच असतो. चांगलं बोलण्यासाठी चांगला मुहूर्त शोधत बसतो, आणि वाईट बोलायला आपल्याला कुठलाही दिवस चालतो.

चौथ्या वर्षी काकूंना धाप लागायला लागली. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. इस्पितळात नेलं. तिथल्या नर्सनं नाकावर प्राणवायूचा मुखवटा बसवण्याआधी कवळी काढून घेतली, प्लास्टिकच्या डबीत ठेवली, वर काकूंच्या खाटेचा आकडा चिकटवला. काकांनी तो आकडा पाहिला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या जबड्यांवर आकडे लिहिले होते.

सकाळी दहाच्या सुमाराला काकूंना जरा बरं वाटलं. मुखवटा काढला होता. वॉर्डात ऊन आलं होतं, कुणीतरी फरशी पुसत होतं. काकूंनी डोळे उघडले, काकांना पाहिलं आणि हात उचलून बोळक्या तोंडावर ठेवला.

"तिकडे बघा," त्या म्हणाल्या. दात नसताना शब्द विरघळतात, दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. काकांना सगळे बोळके शब्द कळायचे. धंदाच तो.

काकांची मान सवयीनं वळली. मग थांबली. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते म्हणाले, "नाही बघणार तिकडे."

"अहो, कसं दिसत असेल..."

"तुझा पहिला दात," काका म्हणाले. "तो तिरपा. मला आवडायचा."

काकूंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "जाणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नये. देव बघतो."

"खोटं नाही गं."

"पुरे आता."

तेव्हा त्या माणसाला गोड बोलणं काही सुचेना. ते त्याला कधी आलंच नव्हतं. जे येत होतं तेच तो बोलला. "वरचा, डावा. शेजाऱ्यावर दीड मिलिमीटर चढलेला. बाकीच्यांपेक्षा अर्धी छटा पिवळा, कारण शेजाऱ्याची सावली पडायची. आणि खालचा कोपरा तिळाएवढा उडालेला. शिवताना तू दोरा दातानं तोडायचीस, त्यानं. तो टवकासुद्धा मी केला होता. तीन दिवस लागले तेवढ्याला. तू नीट बघितलंच नाहीस."

काकूंनी डोळे उघडले. पुसणारी बाई बादली घेऊन पुढच्या खाटेकडे गेली.

"तो टवका मलाही आरशात दिसायचा नाही," काकू म्हणाल्या. "नुसता जिभेला लागायचा."

"मला दिसायचा."

"कधी? तुम्ही तर मान फिरवायचात."

"तुला लाज वाटू नये म्हणून फिरवायचो. फिरवायच्या आधी बघून घ्यायचो."

काकूंना आता पटलं. डोळ्यांत दिसलं की पटलं. आणि काकांना क्षणभर वाटलं, सुटलो. खडा निघाला. पण काकू छताकडे बघत होत्या. कुणी जुनं कपाट उघडून एकेक घडी उलगडून बघावी, तशी त्यांची नजर हलत होती. गच्ची, लग्न, बाल्कनी, बहिणीचं घर, न काढलेले फोटो, आलेलं आणि गिळलेलं एकेक हसू.

"आधी सांगायचं ना हो," त्या म्हणाल्या. रागावून नाही. मूल हातातलं काही सांडल्यावर म्हणतं, तशा. "मी हसले असते की."

तुम्हाला वाटत असेल, मग त्या हसल्या असतील. त्या बोळक्या तोंडानं, हात खाली घेऊन, नवऱ्याकडे बघून एकदा तरी. मलाही तसं सांगायला फार आवडेल. पण ज्या देवाला साक्षी ठेवून गोष्ट सांगायला बसलो, त्याच्यासमोर खोटं कसं बोलू? त्या हसल्या नाहीत. त्यांनी काकांचा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि "दमले आता" म्हणून भिंतीकडे कूस वळवली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेच्या आधी त्या गेल्या.

भेटायला आलेली माणसं म्हणाली, शेवटची तीन वर्षं तरी बिचारी मनमोकळी हसली. बहीण रडत म्हणाली, "भावजी, ते हसू तुम्ही तिला दिलंत." काका मान डोलवत राहिले. त्यांना हिशेब उलटा दिसत होता, पण रडणाऱ्या बाईला तो कुठे सांगायचा?

पंधरा दिवसांनी ते पुन्हा दोन जिने चढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, थोडे दिवस थांबा. ते म्हणाले, लोक उपाशी आहेत. दिवा पेटवला, मेण घेतलं. टेबलावर कुणा आजोबांचा जबडा वाट बघत होता. त्याच्या सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, सरळ आणि पांढरे. काकांनी ती चिठ्ठी वाचली, आणि हातातली पट्टी निवेपर्यंत तशीच धरून बसले. मग पुन्हा तापवली आणि सांगितले तसे दात लावायला लागले.

गोष्ट एवढीच. तुम्ही इतका वेळ बसलात, आता माझं एक मागणं ऐका. आज देवापुढे दोन हात जोडाल तेव्हा स्वतःच्या माणसांबरोबर काकूंचीही आठवण ठेवा. म्हणा, देवा, तिचं जे हसायचं राहून गेलं ते तुझ्या घरी तिला पुरतं हसू दे. काकांसाठी काही मागू नका. मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, माझं असू दे, तिचं तेवढं मागा.